क्रोशाचं गाठीचं कीचेन : गोंडा शेवटी कापा

मेनरोडवरून सुती दोरा घेताना चार पदरी घ्या. लोकर नको, किल्ल्यांना घासून तिला लगेच गोळे येतात. अडीच मिलिमीटरच्या सुईने 80 साखळ्या घाला आणि परत येताना प्रत्येकीत एक मुका खांब (सिंगल क्रोशे, म्हणजे सर्वांत आखूड टाका). पट्टी पिळदार झाली तरी घाबरू नका, इस्त्रीची वाफ दिली की सरळ होते.

आता पट्टी दुहेरी करा आणि दुहेरीच धरून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाठ घाला. वरच्या फाशात किल्ल्यांची कडी जाते, खाली दोन टोकं उरतात. गाठ एका दमात आवळू नका. पदर शेजारी शेजारी बसवत, बोटाने सपाट करत, थोडी थोडी ओढा. माझी पहिली गाठ घाईत सुपारीएवढी झाली होती!

गोंड्यासाठी आठ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर दोरा 25 वेळा गुंडाळा. वरची घडी त्या दोन टोकांना घट्ट बांधा, टोकं आत लपवा आणि खाली बोटभर जागा सोडून गोंड्याभोवती दोरा गुंडाळून त्याची मान आवळा. मग खालच्या घड्या कापून वाफ द्या. दोरे सुटे झाले की लांबी आपोआप वरखाली दिसते, म्हणून अखेरची कात्री त्यानंतरच.