लिनक्सवर ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ अशी त्रुटी आल्यास परवानगी कशी तपासावी

लिनक्स किंवा बीएसडीवर दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने, सुडोने (म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने) अथवा एसएसएचमधून (म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर जाऊन) एखादा खिडकीचा प्रोग्रॅम सुरू केला, की काही वेळा खिडकी उघडतच नाही आणि टर्मिनलमध्ये एक-दोन ओळींची त्रुटी तेवढी दिसते. यावर पुष्कळदा सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘एक्सहोस्ट’ या आदेशापुढे अधिकचे चिन्ह देणे. हा उपाय कृपया करू नये. त्याने परवानगीची तपासणीच बंद होते, आणि एक्स सर्व्हरशी (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमशी) जोडला गेलेला कोणताही प्रोग्रॅम इतर खिडक्यांतील मजकूर पाहू शकतो, इतकेच नव्हे तर टाइप होणारा पासवर्डही टिपू शकतो. तो आदेश आधीच दिला असेल, तर उण्याचे चिन्ह देऊन तपासणी लगेच पूर्ववत करावी.

त्यानंतर त्रुटीचे शब्द नीट वाचावेत, कारण दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते त्यांतच सांगितलेले असते. ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ असे म्हणून पुढे काहीच लिहिलेले नसेल, तर कोणत्या पडद्याकडे जायचे हे सांगणारे ‘डिस्प्ले’ हे पर्यावरण-चल (प्रोग्रॅमला शेलकडून मिळणारी नोंद) बहुधा रिकामे आहे. स्थानिक सत्रात त्याची किंमत सहसा अपूर्णविरामचिन्ह आणि त्यापुढे 0 किंवा 1 अशी असते. ‘नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड’ किंवा ‘ऑथरायझेशन रिक्वायर्ड’ असे शब्द असतील, तर प्रोग्रॅम सर्व्हरपर्यंत पोहोचला आहे, पण त्याच्याकडे दाखवायला कुकी, म्हणजे परवानगीची खूण, नाही. ‘इनव्हॅलिड एमआयटी मॅजिक कुकी’ असे असेल, तर कुकी दाखवली गेली, पण ती जुनी किंवा चुकीची आहे.

ही कुकी म्हणजे 128 बिटांची गुप्त संख्या असून ‘एक्सऑथ लिस्ट’ हा आदेश ती 32 षोडशमान अंकांत दाखवतो. ती सहसा घरच्या फोल्डरमधील ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ या लपलेल्या फाइलमध्ये असते. मात्र ‘एक्सऑथॉरिटी’ हे चल ठरवलेले असल्यास त्यात दिलेली फाइल वाचली जाते. वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेवरील ग्नोम या डेस्कटॉपमध्ये जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम एक्सवेलँडमधून चालतात आणि त्यासाठीच्या कुकीच्या फाइलचे नाव दर सत्राला बदलते, म्हणून स्क्रिप्टमध्ये तो मार्ग कायमचा लिहून ठेवू नये. टीमक्समध्ये (टर्मिनलची सत्रे राखून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जुने सत्र पुन्हा उघडल्यावर येणाऱ्या त्रुटीचे मूळही बहुधा असेच असते: आतल्या शेलकडे या दोन्ही चलांच्या जुन्या किमती राहिलेल्या असतात.

फाइलचा मालक आपणच आहोत ना आणि तिचे अधिकार 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असे) आहेत ना, हे अवश्य पाहावे. रूटच्या नावाने काही चालवताना ही फाइल रूटच्या मालकीची झाली असेल, तर लॉगिन केल्यावर पुन्हा लॉगिनचाच पडदा येऊ शकतो. अशा वेळी मजकुराच्या कन्सोलवरून ‘चाऊन’ या आदेशाने मालकी परत करावी. फाइलला कुलूप लावता येत नाही अशी तक्रार असेल, तर डिस्क भरली आहे का ते तपासावे आणि नावाच्या शेवटी ‘सी’ किंवा ‘एल’ जोडलेल्या शिल्लक कुलूप-फाइली काढून टाकाव्यात.

रूटला आपली फाइल सहसा वाचता येते, त्यामुळे तिथे दोन्ही चले योग्य ठरवणे पुरते. दुसऱ्या साध्या वापरकर्त्याला ती वाचता येत नाही. त्याच्यासाठी एक्सहोस्टला ‘एसआय’, ‘लोकलयूजर’ आणि त्याचे नाव हे तिन्ही अपूर्णविरामांनी जोडून द्यावे. अशाने फक्त त्या एकाच वापरकर्त्याला परवानगी मिळते.

एसएसएचमध्ये मात्र ‘डिस्प्ले’ हाताने ठरवू नये. एसएसएच आदेशाला मोठ्या (कॅपिटल) एक्सचा पर्याय दिल्यावर पलीकडचा सर्व्हर ते स्वतः, बहुधा ‘लोकलहोस्ट’ आणि 10 या क्रमांकाने, ठरवतो. बॅशच्या आरंभ-फाइलमधील एखादी जुनी ओळ ती किंमत पुसत असेल, तर ती ओळ काढावी. तरीही ते चल रिकामे राहिले, तर पलीकडच्या संगणकावर एक्सऑथ बसवलेले आहे का आणि तिथल्या एसएसएच सेवेत ‘एक्स11 फॉरवर्डिंग’ सुरू आहे का, हे पाहावे. जोडणी सुरुवातीला चालून 20 मिनिटांनी नवीन खिडक्या नाकारत असेल, तर तो बिघाड नव्हे. अविश्वासू (मर्यादित अधिकारांच्या) जोडणीच्या कुकीची ती मूळ मुदत आहे आणि ती आपल्या बाजूच्या एसएसएच संरचनेत ‘फॉरवर्डएक्स11टाइमआउट’ने वाढवता येते.