हॅम रेडिओसाठी कमी खर्चातली टेस्ट उपकरणं: आधी काय घ्यायचं आणि फॉल्ट कसा शोधायचा

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हातात आलं की पहिली खरेदी रिगची (रेडिओ सेटची), मग अँटेनाची, आणि मोजमापाचं सामान सगळ्यात शेवटी, तेही काहीतरी बिघडल्यावर घाईघाईत, असंच बहुतेकांचं होतं. घाईत मग स्पेसिफिकेशनमधला सगळ्यात मोठा आकडा बघून काहीतरी उचललं जातं आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. माझं म्हणणं साधं आहे, उपकरण घ्यायच्या आधी प्रश्न ठरवा. "पॉवर बाहेर पडतेय का", "केबल कुठे तुटलीये", "हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत येणारे नकोसे सिग्नल) किती आहेत" हे तीन वेगळे प्रश्न आहेत, तिघांना वेगवेगळी वस्तू लागते, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर घरी जोडलेल्या सर्किटवरही मिळतं. आणि दुसरं, जे मीटर तुम्हाला उत्तर देणार आहे ते स्वतः खरं बोलतंय का हे आधी बघून घ्या, कारण स्वस्त सामानात फॉल्ट जितक्या वेळा रेडिओत निघतो तितक्याच वेळा मीटरमध्ये, त्याच्या केबलमध्ये नाहीतर ॲडॉप्टरमध्ये निघतो.

सुरुवात मल्टीमीटर आणि डमी लोडपासून

मल्टीमीटर असतोच सगळ्यांकडे, पण वापर होतो तो फक्त कंटिन्युइटीचा बीप ऐकायला. रेडिओ ट्रान्समिटला गेला की बंद पडतो, ऑडिओ फाटतो, पॉवर कमी मिळते, अशा तक्रारीत पहिल्यांदा रिगच्या मागच्या पॉवर सॉकेटजवळ प्रोब लावा आणि ट्रान्समिट करत असताना व्होल्टेज बघा. पॉवर सप्लायवरचा आकडा बघून उपयोग नाही, तिथे १३.८च दिसणार. १०० वॅटची एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) रिग साधारण २० अँपिअर ओढते, म्हणजे वायर, फ्यूज होल्डर आणि कनेक्टर मिळून नुसता ०.१ ओहम रेझिस्टन्स असला तरी २ व्होल्ट वाटेतच जातात आणि रिगला ११.८ मिळतात. अशी रिग लोक रिपेअरला देतात आणि शेवटी निघतो गंजलेला फ्यूज होल्डर! तो शोधायचा कसा, तर ट्रान्समिट चालू असताना मीटर एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना लावत जायचं, जिथे व्होल्टेज दिसेल तो जोड खराब. मात्र रिसीव्हवर हे करून काही दिसणार नाही, करंटच एवढा कमी असतो.

मल्टीमीटरची एसी रेंज आरएफ (म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) मोजत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. ती मेन्सच्या फ्रिक्वेन्सीसाठी असते, फार तर काही किलोहर्ट्झपर्यंत चालते.

डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर, तो पॉवर हवेत न सोडता उष्णतेत घालवतो. तो घरी करता येतो आणि एचएफला छान चालतो. १ किलोओहमचे २० रेझिस्टर पॅरलल जोडले की ५० ओहम, प्रत्येक २ वॅटचा असेल तर एकूण ४० वॅट. कार्बन किंवा मेटल ऑक्साइड फिल्म घ्यायचे, वायरवाउंड अजिबात नाही कारण तो कॉइलच असतो आणि आरएफला भलताच इम्पीडन्स दाखवतो. पाय जितके आखूड ठेवाल तितकं चांगलं. व्हीएचएफ-यूएचएफसाठी (१४५, ४३५ मेगाहर्ट्झसारखे वरचे बँड) मात्र तयार विकत घ्या, तिथे पायांच्या लांबीचा त्रास फार होतो.

आता त्याच डमी लोडवर एक डायोड आणि एक कपॅसिटर लावला की पॉवरमीटर तयार. लोडच्या सिग्नल येतो त्या टोकाला १एन४१४८ डायोडचा ॲनोड, कॅथोडपासून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टचा कपॅसिटर, आणि त्या कपॅसिटरवर मल्टीमीटर डीसीला. मीटर पीक व्होल्टेज दाखवतो, त्यात डायोडचा साधारण ०.६ व्होल्ट मिळवायचा, येणाऱ्या आकड्याचा वर्ग करायचा आणि १००ने भागायचं. २१.८ व्होल्ट दिसले तर २२.४ चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५ वॅट. हा डायोड ५ वॅटच्या आसपासच वापरा, १०० वॅटला पीक १०० व्होल्ट होतो आणि डायोडवर उलटा त्याच्या दुप्पट येतो, तो टिकणार नाही. क्यूआरपीवाल्यांना, म्हणजे ५ वॅटच्या आसपास कमी पॉवरवर काम करणाऱ्यांना, मी तरी आधी हेच करायला सांगेन, कारण यातला प्रत्येक आकडा ओहमच्या नियमातून येतो आणि पुढे घेतलेला कुठलाही मीटर याच्याशी ताडून बघता येतो.

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच परत येत नाही. विकतचा एसडब्ल्यूआर-पॉवर मीटर घेताना अचूकता "फुल स्केलच्या" किती टक्के आहे ते वाचा. १०० वॅटच्या स्केलवर १० टक्के म्हणजे कुठेही १० वॅट इकडे-तिकडे, त्यामुळे त्या स्केलवर १० वॅटचं रीडिंग म्हणजे काहीच नाही. नामांकित बर्ड ४३ वॉटमीटर सुद्धा फुल स्केलच्या ५ टक्क्यांवरच असतो, म्हणून तर त्याला वेगवेगळ्या पॉवरचे एलिमेंट (बदलता येणारे सेन्सर) मिळतात. मीटर आला की डमी लोड लावून एसडब्ल्यूआर १ च्या जवळ येतो का ते प्रत्येक बँडवर बघा. एचएफचा मीटर ४३५ मेगाहर्ट्झला लावून अँटेना खराब ठरवू नका.

एसडब्ल्यूआर चांगला दिसतोय, पण कोणी ऐकत नाही

हा फॉल्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो कारण इथे मीटर खरं सांगत असूनही माणूस चुकतो. केबल जुनी, पाणी गेलेली किंवा लांब असेल तर परत येणारी पॉवर वाटेतच गरम होऊन संपते आणि खाली रिगजवळ एसडब्ल्यूआर सुंदर दिसतो. केबलचा लॉस ३ डीबी असेल, म्हणजे अर्धी पॉवर वाटेत जात असेल, तर वर अँटेना पूर्ण तुटलेली असली तरी खाली एसडब्ल्यूआर फक्त ३ दिसतो. आणि अँटेनाजवळ खरा ३ असेल तर खाली साधारण १.७ दिसतो, मग माणूस खूश. आरजी-५८ या बारीक कोॲक्सची साधारण १५ मीटर केबल १४५ मेगाहर्ट्झला एवढा लॉस सहज देते, म्हणजे हे काही क्वचित घडणारं नाही.

तपासायचं कसं, तर केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवून मोकळं ठेवायचं, खाली नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल फ्रिक्वेन्सीनुसार तपासणारं छोटं उपकरण) लावायचा, आणि ज्या बँडवर काम करता तिथला रिटर्न लॉस (परत येणारी पॉवर किती डीबीने कमी झाली ते) वाचून त्याचं निम्मं करायचं. रिटर्न लॉस ६ डीबी आला तर केबल एका दिशेने जाताना ३ डीबी खाते, म्हणजे अर्धी पॉवर. केबल चांगली असेल तर आकडा शून्याच्या जवळ राहतो. आकडा मोठा आला तर अँटेनाला हात लावायच्या आधी केबल बदला.

नॅनोव्हीएनए घेताना आणि वापरताना

एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या. २.८ इंच स्क्रीनवाला मूळ प्रकार ५० किलोहर्ट्झपासून ९०० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, ४ इंचवाला एच४ १.५ गिगाहर्ट्झपर्यंत, व्ही२ म्हणून जो येतो तो ३ गिगाहर्ट्झपर्यंत. पण एक लक्षात ठेवा, मूळ डिझाइनमध्ये ३०० मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिक वापरून मोजलं जातं म्हणून तिथे डायनॅमिक रेंज (अगदी कमी सिग्नल मोजायची क्षमता) घसरते. यूएचएफची अँटेना बघायला काही अडत नाही, पण ड्युप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समिट आणि रिसीव्ह वेगळं ठेवणारा फिल्टर) किंवा खोल नॉचचा (एकच फ्रिक्वेन्सी दाबणारा) फिल्टर ट्यून करायचा असेल तर अडतं. गच्चीवर उन्हात काम करणार असाल तर मोठी स्क्रीन घ्या, डोळ्यांना खरंच फरक पडतो. नक्कल करणारे बरेच आहेत, आतलं शिल्डिंग गाळलेले बोर्ड पण मिळतात, म्हणून विक्रेत्याला आतला फोटो मागा आणि ओपन, शॉर्ट, लोड (मोकळं टोक, जोडलेलं टोक, ५० ओहम) हे तिन्ही कॅलिब्रेशनचे तुकडे सोबत येतात का ते विचारा.

सगळ्यात जास्त चुकीची रीडिंग येतात ती कॅलिब्रेशनमुळे. आधी स्वीपची रेंज, म्हणजे कुठून कुठपर्यंतची फ्रिक्वेन्सी तपासायची ते, ठरवायची, मग कॅलिब्रेट करायचं, रेंज बदलली की परत करायचं. आणि कॅलिब्रेशन जिथे अँटेना जोडणार आहात त्या टोकाला, म्हणजे ॲडॉप्टर आणि छोटी केबल लावूनच करायचं. झालं की लगेच पडताळा घ्या: स्मिथ चार्टवर (स्क्रीनवरचा इम्पीडन्सचा गोल आलेख) ओपन लावल्यावर ठिपका अगदी उजवीकडे, शॉर्टला अगदी डावीकडे, लोडला बरोबर मध्ये पाहिजे. तसं नसेल तर पुढचं काही मोजू नका. केबल हलवली की ठिपका उडत असेल तर तो कनेक्टर टाकून द्या. सेव्ह ० मध्ये ठेवलेलं कॅलिब्रेशन चालू करताना आपोआप लोड होतं, रोजचा बँड तिथेच ठेवा.

केबल कुठे तुटली तेही यात कळतं. मोकळ्या टोकाची केबल लावून अगदी कमी फ्रिक्वेन्सीपासून स्वीप करा, ठिपका उजवीकडून निघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो आणि जिथे पहिल्यांदा डाव्या टोकाला पोचतो ती पाव वेव्हलेंथची फ्रिक्वेन्सी. लांबी मीटरमध्ये = ७५ गुणिले व्हेलॉसिटी फॅक्टर भागिले ती फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये. व्हेलॉसिटी फॅक्टर म्हणजे केबलमधला सिग्नलचा वेग भागिले प्रकाशाचा वेग. सॉलिड पॉलिथिनच्या केबलला तो ०.६६ धरतात, फोमला ०.८ च्या पुढे. २० मीटर केबलला हे २.४७ मेगाहर्ट्झला यायला पाहिजे, ते ४.१ ला आलं तर १२ मीटरवर केबल उघडी पडलीये, तिथे जाऊन बघा. ठिपका कमी फ्रिक्वेन्सीलाच डावीकडे बसला असेल तर तुटलेली नाही, कुठेतरी शॉर्ट आहे, आणि शॉर्ट बहुतेकदा हाताने सोल्डर केलेल्या पीएल-२५९ कनेक्टरमध्ये सापडतो.

नॅनोव्हीएनएमध्ये कधीही ट्रान्समिट करू नका, शेजारच्या अँटेनावर पण नको. उंच वायर अँटेना जोडायच्या आधी मधली वायर ग्राउंडला टेकवून स्टॅटिक उतरवा, फ्रंट एंड अगदी नाजूक असतो.

हार्मोनिक बघायचे असतील तर

टायनीएसए हा छोटा स्पेक्ट्रम ॲनलायझर, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवतो. मूळ मॉडेलचा चांगला इनपुट १०० किलोहर्ट्झ ते ३५० मेगाहर्ट्झ. १४५ मेगाहर्ट्झच्या हँडीचा (हातात धरायच्या सेटचा) दुसरा हार्मोनिक २९० ला येतो, तो दिसेल, पण तिसरा ४३५ ला जातो, त्यासाठी २४० ते ९६० चा दुसरा इनपुट वापरावा लागतो आणि तो तितका स्वच्छ नाही. त्यामुळे व्हीएचएफ हँडी तपासायच्याच असतील तर थोडे जास्त पैसे घालून टायनीएसए अल्ट्रा घ्या, एचएफवाल्यांना मूळ मॉडेल पुरतं.

इनपुटला जास्तीत जास्त १० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डीबीत मोजलेली पॉवर) चालतं. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम, थेट लावलं की संपलं. ४० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) लावला की उणे ३ होतात, अजून २० लावले की निवांत. रेडिओकडचा पहिला ॲटेन्युएटर सगळी ५ वॅट उष्णता खातो, त्यामुळे तो तेवढ्या वॅटचाच पाहिजे, एसएमए कनेक्टरचे छोटे तुकडे बहुतेक २ वॅटचे असतात. नुसती छोटी अँटेना लावून लांबून बघण्याने हार्मोनिक आहे एवढं कळतं, किती आहे ते कळत नाही, कारण दोन्हीकडच्या अँटेना प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळ्या वागतात.

आणि दिसलेला हार्मोनिक खरा की ॲनलायझरने आतच तयार केलेला? आतला ॲटेन्युएटर १० डीबीने वाढवा. मुख्य सिग्नल जागेवर आणि हार्मोनिकपण जागेवर, तर खरा. हार्मोनिक खाली आला तर तो आतला होता, ओव्हरलोडमुळे. हे न करता हँडीला खराब म्हणू नये असं माझं ठाम मत आहे.

आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) असेल तर बरंच काम त्याच्यावर भागतं: कॅरिअर फ्रिक्वेन्सीवर आहे का, ऑडिओ किती रुंद जातोय, स्प्लॅटर (शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर सांडणारा सिग्नल) आहे का. टीसीएक्सओवाला (तापमानाने फारसा न सरकणारा ऑसिलेटर असलेला) घ्या, १ पीपीएम (दहा लाखात एक) म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला फार तर १४५ हर्ट्झचा फरक. पण तो ८ बिटचा आहे, जवळ ट्रान्समिट केलं की सगळीकडे भुतं (खोटे सिग्नल) दिसायला लागतात, तेव्हा गेन कमी करून बघायचं. एचएफ रिगची डायल तपासायला तर काहीच घ्यायला नको, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर प्रमाण वेळेची स्टेशनं येतात, त्यांना झीरो बीट करा, म्हणजे ऐकू येणारी शिट्टी उतरत शून्यावर येईपर्यंत डायल फिरवा.

जुनं लॅबचं सामान

सेकंडहँड मोठ्या कंपनीचा सिग्नल जनरेटर किंवा सर्व्हिस मॉनिटर (रेडिओ तपासायचं सगळं एकत्र असलेलं उपकरण) स्वस्तात दिसला की मन होतं, आणि चांगला निघाला तर त्याच्यासारखं काही नाही. पण चालू करून कमीत कमी अर्धा तास ठेवा, बरेच फॉल्ट गरम झाल्यावरच येतात. प्रत्येक नॉब आणि प्रत्येक रेंज फिरवून बघा. इनपुटमध्ये आधीच्या कोणीतरी ट्रान्समिट केलेलं असणं हा सगळ्यात नेहमीचा घात, म्हणून ॲटेन्युएटरची एकेक स्टेप टाकून लेव्हल तेवढीच बदलते का ते मोजा, टायनीएसए असेल तर तो सोबत न्या. एचपी ८६४०बी सारख्या जनरेटरमधले प्लॅस्टिकचे गिअर वयाने तडकतात, त्याबद्दल आधी विचारा. सर्व्हिस मॅन्युअल मिळत नसेल तर ते मॉडेल सोडून द्या.

ऑसिलोस्कोप घेताना बँडविड्थ म्हणजे जिथे सिग्नल ३ डीबी पडलेला असतो ती जागा, म्हणून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचं काम असेल तर १०० मेगाहर्ट्झचा बघा. प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून देणारी सेटिंग) ठेवायचा आणि ग्राउंडची लांब वायर काढून छोटी स्प्रिंग लावायची, नाहीतर जी रिंगिंग (सिग्नलच्या कडेला दिसणारी थरथर) दिसते ती सर्किटची नसून त्या वायरची असते. कंपोनंट टेस्टर छोटा आणि फार उपयोगी, फक्त कपॅसिटर लावायच्या आधी डिस्चार्ज करा, चार्ज असलेला लावला की तो टेस्टर गेलाच.

कनेक्टर शेवटी सांगतोय, पण खरेदीच्या दिवशीच बघायचे. एसएमए आणि आरपी-एसएमए बाहेरून सारखेच दिसतात, आत पिन उलटी असते, आटे बसतात आणि सिग्नल पोचतच नाही. साधा एसएमए साधारण ५०० वेळा जोडण्या-काढण्यापुरता असतो, म्हणून नॅनोव्हीएनएच्या दोन्ही पोर्टवर पहिल्या दिवसापासून एकेक सेव्हर ॲडॉप्टर लावून ठेवा, झिजला की तोच बदलायचा.