अंड्याच्या प्रथिनाचे स्फटिक घरच्या खडीसाखरेसारखे वाढवताना

आईच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या दोन बाटल्या असतात. एक पाण्यासारखी नितळ, दुसरी तांदळाच्या धुवणासारखी गढूळ. गढूळ बाटली तासभर उभी राहिली की तळाशी पांढरा साका बसतो. एकदा घाईत मी ती खळखळ हलवली तेव्हा आई ओरडलीच, "अगं, हलवायची नाही ती! तळहातात फिरव, हळू."

तिचं बरोबर होतं. तो साका म्हणजे इन्सुलिनचे अतिशय बारीक स्फटिक असतात, प्रोटामिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाबरोबर बांधलेले. कातडीखाली गेल्यावर ते सावकाश विरघळतात, म्हणून एका टोचणीचा परिणाम बरेच तास टिकतो. जोरात हलवलं की फेस होतो आणि सिरिंजमध्ये डोस नीट भरला जात नाही. एमएस्सीच्या मुलांना प्रथिनांचे स्फटिक वाढवायला शिकवताना मी नेहमी या बाटलीपासून सुरुवात करते. क्रिस्टलोग्राफी, म्हणजे स्फटिकांवर क्ष-किरण सोडून रेणूचा आकार शोधण्याचं शास्त्र, म्हटलं की डोळ्यांसमोर हिरे-माणकं येतात. औषधाच्या कामाचे स्फटिक मात्र मऊ आणि पाण्याने भरलेले असतात, आणि बोट लागलं तरी मोडतात.

साखरेच्या पाकात दोरा सोडून खडीसाखर कशी करतात हे आपल्याला माहीत असतं. पाक घट्ट हवा, पण फार घट्ट नको. आणि भांडं सारखं हलवायचं नाही. प्रथिनाचंही तसंच. फरक इतकाच की साखर बिचारी सोशिक, प्रथिन हळवं. म्हणून सुरुवात लायसोझाइमपासून करा. अंड्याच्या पांढऱ्या भागात असणारं हे प्रथिन पावडर रूपात विकत मिळतं आणि नवख्या हातालाही साथ देतं. ज्यांना अंड्याची अॅलर्जी आहे त्यांनी मात्र पावडरीपासून लांबच राहावं. बाकीच्यांनीही वजन करताना मास्क आणि हातमोजे घालावेत.

आधी दोन द्रावणं करून ठेवा. सोडियम अॅसिटेट ट्रायहायड्रेट १३.६ ग्रॅम घ्या, साधारण ६० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, फ्यूमहूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड घालत पीएच ४.६ वर आणा आणि मग पाणी घालून १०० मिलिलिटर करा. हा झाला एक मोलर बफर, म्हणजे पीएच फारसा हलू न देणारं द्रावण. दुसरं द्रावण मिठाचं: २० ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड, एकूण १०० मिलिलिटर. घरचं मीठ घेऊ नका, त्यात आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात. दोन्ही द्रावणं ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. गाळायचा कंटाळा केला तर धुळीच्या प्रत्येक कणावर एक स्फटिक धरतो आणि शेवटी हातात नुसता चुरा येतो.

आता लायसोझाइम. बफर वीसपट पातळ करा आणि त्यातल्या २०० मायक्रोलिटरमध्ये १० मिलिग्रॅम पावडर विरघळवा. म्हणजे दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम झालं. इथेही हलवाहलव नको, ट्यूब बोटांत धरून फक्त उलटसुलट करा. मग दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं नितळ द्रावणच घ्या.

चोवीस वेलच्या, म्हणजे चोवीस खोलगट कप्प्यांच्या, ट्रेमध्ये पहिल्यांदा दोनच ओळी भरा. दर वेलमध्ये एकूण ५०० मायक्रोलिटर. हिशेब सोपा आहे: जितके टक्के मीठ हवं, तितक्या वेळा २५ मायक्रोलिटर मिठाचं द्रावण, त्यात ५० मायक्रोलिटर बफर, उरलेलं पाणी. पाच टक्क्यांसाठी १२५ अधिक ५० अधिक ३२५. सात टक्क्यांसाठी १७५ अधिक ५० अधिक २७५. ओळीतल्या सहा वेलमध्ये चार ते नऊ टक्के असे चढत जा. वरच्या ओळीला लायसोझाइम ५० मिलिग्रॅमचं, खालच्या ओळीला निम्मं पातळ केलेलं.

वेलच्या काठावर ग्रीसचं कडं काढा. सिलिकॉनचा लेप असलेल्या कव्हरस्लिपवर (पातळ काचेच्या चकतीवर) २ मायक्रोलिटर प्रथिन ठेवा आणि त्यातच २ मायक्रोलिटर वेलमधलं द्रावण सोडा. पिपेटचं बटण पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं, पुढे दाबलात तर बुडबुडा येतो. कव्हरस्लिप चिमट्याने उलटी करून वेलवर बसवा आणि हलकेच दाबा. ग्रीसचं कडं सगळीकडून बंद झालंय ना, ते ट्रे उजेडात धरून बघा. थेंब आता खाली तोंड करून लटकतो आहे. थेंबात मीठ वेलच्या निम्मं, त्यामुळे थेंबातलं पाणी वाफेच्या वाटेने हळूहळू वेलकडे जातं आणि थेंब आटत निम्मा होतो. साखरेचा पाक आटवतो तसंच, पण विस्तवाशिवाय, आणि इतकं सावकाश की प्रथिनाच्या रेणूंना रांगेत बसायला वेळ मिळतो.

ट्रे २० अंशांच्या आसपास, जिथे कुणी धक्का देणार नाही अशा जागी ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात रात्री एसी बंद व्हायचा आणि सकाळी कव्हरस्लिपच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब जमलेले दिसायचे. तापमान खालीवर झालं की असा ट्रे गेलाच म्हणून समजा. आता आम्ही ट्रे थर्मोकोलच्या खोक्यात ठेवतो. पैसे न खर्चता झालेला हा सगळ्यात उपयोगी बदल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपखाली बघा. चार टक्क्यांचा थेंब बहुधा स्वच्छ. मधल्या वेलमध्ये मोजके, टपोरे, कडा धारदार असलेले स्फटिक. नऊ टक्क्यांकडे बारीक कणांचा पाऊस. मीठ जास्त झालं की सुरुवात फार ठिकाणी होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला प्रथिन थोडं येतं. प्रत्येक थेंबाचं चित्र वहीत काढा, स्वच्छ थेंबाचंसुद्धा. "मॅडम, काहीतरी चमकतंय!" हे वाक्य मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी खुर्चीवरून उठून बघायला जाते.

पण चमकतंय ते प्रथिनच आहे का? इथे माझा एक अनुभव सांगते, कारण त्यात आमचे अडीच महिने गेले. एका जिवाणूच्या एन्झाइमवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनावर, काम चालू होतं. एका थेंबात सुंदर स्फटिक आला. आम्ही तो जपला, गोठवला, सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, वेळ मागून घेतली. क्ष-किरण सोडल्यावर पडद्यावर उमटले मोजकेच ठिपके, ठळक आणि एकमेकांपासून लांबलांब. प्रथिनाचा स्फटिक असता तर बारीक ठिपक्यांची दाट रांगोळी दिसली असती, कारण रेणू मोठे, म्हणून त्यांच्या रांगांमधली अंतरं मोठी, आणि अंतरं जितकी मोठी तितके ठिपके जवळजवळ. आमचं प्रथिन फॉस्फेट बफरमध्ये होतं आणि वेलमध्ये कॅल्शियम क्लोराइड. दोघांनी मिळून कॅल्शियम फॉस्फेटचा स्फटिक केला होता. माझी विद्यार्थिनी परतीच्या गाडीत एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून कुठलाही थेंब बाहेर पाठवण्याआधी आम्ही दोन तपासण्या करतोच.

पहिली निळ्या रंगाची. पातळ मिथिलिन ब्ल्यूचा अगदी कणभर थेंब त्यात सोडा. प्रथिनाच्या स्फटिकात बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास जागा पाण्याची असते, त्या वाटांनी रंग आत शिरतो आणि स्फटिक निळा होत जातो. मिठाचा स्फटिक गच्च असतो, रंग बाहेरच राहतो. दुसरी तपासणी सुईची, आणि तीही जास्तीच्या स्फटिकावर. टोक टेकवलं की प्रथिन ओल्या पेढ्यासारखं भुगा होतं, मीठ मात्र टक्क आवाज करतं. लायसोझाइमवर या दोन्ही तपासण्या मुद्दाम करून घ्या, म्हणजे खरा स्फटिक कसा वागतो हे हाताला कळतं.

आणि थेंब कोरडा पडू देऊ नका. १९३४ साली केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिन या पोटातल्या एन्झाइमचे स्फटिक त्यांच्याच द्रावणात ओले ठेवून क्ष-किरणांसमोर धरले तेव्हा स्पष्ट ठिपके मिळाले. हवेत वाळलेल्या स्फटिकांतून तसं काही मिळत नव्हतं. आतलं पाणी गेलं की रांगा कोसळतात. आज स्फटिक नायलॉनच्या फासात उचलतात, ग्लिसरॉलसारखं काही मिसळलेल्या द्रावणात बुडवतात आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात, म्हणजे पाण्याचा बर्फ न होता ते काचेसारखं गोठतं. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिनांसाठी खास बीमलाइन, म्हणजे क्ष-किरणांचा झोत स्फटिकापर्यंत आणणारी सोय, उभारली आहे. ठिपक्यांवरून रेणूचा आकार काढायचं गणित हा स्वतंत्र विषय आहे, तो इथे उघडत नाही.

लायसोझाइमचा आकार १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी उलगडला. एन्झाइमचा अणूअणूपर्यंतचा आकार तोवर कुणी पाहिला नव्हता. रेणूच्या मधोमध एक खाच आहे, आणि जिवाणूच्या भिंतीतली साखरेची साखळी तिथेच येऊन बसते आणि तुटते. कुलपाचं भोक दिसलं की त्यात अडकेल अशी किल्ली घडवता येते. आजची कितीतरी औषधं याच रीतीने घडतात, पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण पुन्हा आईच्या फ्रिजमधलंच आहे, या वेळी नितळ बाटलीचं.

डोरोथी क्रोफूट, लग्नानंतरच्या हॉजकिन, यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र १९३५ साली घेतलं. आकार हाती आला १९६९ साली. मधे ३४ वर्षं गेली. त्या अखेरच्या टप्प्यात ऑक्सफर्डच्या त्यांच्या गटात आपले एम. विजयन होते. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी प्रथिनांच्या क्रिस्टलोग्राफीची घडी बसवली आणि कितीतरी विद्यार्थी तयार केले.

त्या आकारात दिसलं ते असं: इन्सुलिनचे रेणू दोन-दोनच्या जोड्या करतात आणि अशा तीन जोड्या जस्ताच्या दोन अणूंभोवती कडं धरून बसतात. रक्तात काम करतो तो सुटा रेणू. म्हणजे टोचल्यावर आधी कडं सुटायला हवं, मग जोडी. म्हणून साधं इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावं लागतं. इन्सुलिनच्या रेणूत अमिनो आम्लांच्या ए आणि बी अशा दोन साखळ्या असतात. जोडी जिथे चिकटते तिथे बी साखळीच्या शेवटाला प्रोलीन हे अमिनो आम्ल २८व्या आणि लायसिन २९व्या जागी आहे. या दोघांची फक्त अदलाबदल केली तर पकड ढिली पडते आणि रेणू लवकर सुटे होतात. हेच लिस्प्रो इन्सुलिन, अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेलं.

आईला डॉक्टरांनी तेच सुरू केलं तेव्हा तिने मला विचारलं, "म्हणजे ते एकमेकांना धरून बसायचे म्हणून मी ताट समोर ठेवून अर्धा तास थांबायचे?" मी हो म्हटलं. इतकं सोपं करून मी वर्गातही कधी सांगितलं नव्हतं. (इन्सुलिनचा प्रकार आणि वेळ डॉक्टरच ठरवतात, हे वाचून आपल्या मनाने काही बदलू नका.)

ट्रे लावायची सोय नसेल तरी हे घरबसल्या पाहता येतं. प्रथिनांच्या रचनांचा इंटरनेटवरचा साठा असलेली प्रोटीन डेटा बँक १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. आज तिच्यात दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि सगळ्या फुकट. शोधपट्टीत चार हा आकडा आणि पुढे आय-एन-एस ही इंग्रजी अक्षरं टाका, डुकराचं इन्सुलिन उघडेल. त्रिमितीचं दृश्य निवडा आणि असेंब्लीचे पर्याय बदलत सहा रेणूंचं कडं दिसेल तिथे थांबा. मधले दोन गोळे जस्ताचे, प्रत्येकाला तीन हिस्टिडीन (हेही अमिनो आम्लच) धरून आहेत. आता दुसऱ्या खिडकीत एक हा आकडा आणि एल-पी-एच टाकून लिस्प्रो उघडा. बी साखळीचं शेपूट शोधा, २८व्या जागेवर माऊस न्या आणि नाव वाचा. मग पहिल्या खिडकीत जाऊन तीच जागा बघा.