परदेशी सहलीत चोरांपासून सावध कसे राहावे

कळंगुट-बागाच्या वाळूत मोबाईल, पाकीट आणि कपडे एकत्र ठेवून सारे कुटुंब एकाच वेळी पाण्यात उतरलेले दिसले की गोव्यातला माणूस कपाळावर हात मारून घेतो. पर्यटक नेमका कुठे गाफील राहतो, हे आपण यजमानाच्या बाजूने वर्षभर पाहत असतो. लिस्बन, बार्सिलोना किंवा बँकॉकला निघताना हेच ज्ञान स्वतःला लावून पाहायचे असते, आणि नेमके तेवढेच बहुतेकांकडून राहून जाते.

निघण्यापूर्वी पासपोर्ट व व्हिसाच्या छायाप्रती काढून एक सामानात ठेवावी, एक घरी द्यावी आणि त्यांचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या 2020 पासूनच्या नियमानुसार नवे कार्ड सुरुवातीला भारतातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांपुरतेच चालते. परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करतानाच खर्चाची मर्यादाही खाली आणावी. दुसरे कार्ड हॉटेलातच ठेवावे. मंगळसूत्र आणि पाटल्या लॉकरमध्येच बऱ्या.

लिस्बनला गेलेला गोवेकर 28 क्रमांकाच्या ट्राममध्ये बसल्यावाचून सहसा परतत नाही, आणि तिथले खिसेकापूही याच ट्रामच्या गर्दीवर टपलेले असतात. डबा लहान आणि रांग लांब असल्यामुळे ट्राम येताच सगळे दाराशी दाटतात. पुढचा माणूस पायरीवर अचानक थांबून काहीतरी शोधल्यासारखे करतो, मागचा आपल्या अंगावर रेलतो, आणि तेवढ्यात तिसऱ्याचा हात, दंडावर टाकलेल्या जॅकेटच्या आडून, आपल्या पिशवीत गेलेला असतो. म्हणून चढण्यापूर्वीच पाठीवरची बॅग पोटावर घ्यावी, मागच्या खिशात काहीही ठेवू नये, आणि दाराशी कोणी विनाकारण अडला तर खुशाल मागे सरून पुढची ट्राम धरावी. बार्सिलोनाच्या रांब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर आणि पॅरिसच्या मेट्रोतही हीच काळजी घ्यावी.

बँकॉकमध्ये हात खिशात न घालता गोड बोलून पैसे काढतात. राजवाड्याजवळ एखादा नीटनेटका गृहस्थ ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून स्वस्त टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, मिळवून देतो आणि ती टुकटुक रत्नांच्या दुकानाशी जाऊन थांबते. प्रवेशद्वारापर्यंत स्वतः जाऊन पाहावे, एवढाच त्यावर उपाय आहे. पट्टाया व फुकेटला जेट-स्की परत करताना जुने ओरखडे आपल्या माथी मारून भरपाई मागितली जाते. आपल्याकडे रेंट-अ-बाईक घेणारे शहाणे गिऱ्हाईक आधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढते. तिथे आपणही तसेच करावे. पासपोर्ट मात्र कोणत्याही भाड्यापोटी तारण ठेवू नये.

साध्या वेशातला कोणी पोलीस असल्याचे सांगून ‘खोट्या नोटा तपासायच्या आहेत’ म्हणून पाकीट मागू लागला, तर ते हातात न देता पोलीस ठाण्यात येण्याची तयारी दाखवावी. तोतया असेल तर तो बहुधा तिथूनच काढता पाय घेतो.

इतके करूनही चोरी झालीच, तर हिसकावणाऱ्याशी झटापट करू नये. आधी कार्ड आणि सिम बंद करावे, नंतर लगेच तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, कारण विमा कंपनी ती मागतेच. युरोपीय संघाच्या देशांत 112, तर थायलंडमध्ये पर्यटन पोलिसांसाठी 1155 हा क्रमांक आहे. पासपोर्ट गेला असल्यास तक्रारीची प्रत घेऊन भारतीय दूतावासात जावे. तिथे मिळणाऱ्या आपत्कालीन प्रमाणपत्रावर केवळ भारतात परतता येते. सहलीतला पुढचा देश बाकी असेल तर नव्या पासपोर्टसाठीच अर्ज करावा लागतो, त्याला अधिक दिवस लागतात, आणि हरवलेल्या पासपोर्टवरच्या व्हिसासाठीही पुन्हा त्या त्या देशाकडे जावे लागते.