नाशिक ते लंडन: अंतर कसं मोजायचं, तास किती धरायचे

तिकिटावर दिसतं, मुंबईहून दुपारी १ ला निघून संध्याकाळी साडेपाचला लंडन. घरचे लगेच म्हणतात, साडेचार तासांत पोहोचणार की! पण दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे तिथे साडेपाच वाजतात तेव्हा इथे रात्रीचे ११. प्रवास झाला १० तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यांचं घड्याळ तासभर पुढे असतं, तेव्हा साडेचारच तास मिळवा.

अंतरासाठी भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावू नका. तिथली सरळ रेषा म्हणजे जवळची वाट नव्हे. मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. सुतळी नको, ती जाड असल्याने माप चुकतं. आधी विषुववृत्तावरून घेर मोजा. तो ९६ सेंमी भरला तर ४०,००० भागिले ९६, म्हणजे १ सेंमीला साधारण ४१७ किमी. आता दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं लंडनवर धरून ताणा. दोरा आपणहून जवळच्या वाटेवर सरकेल. माप येईल सव्वासतरा सेंमी, म्हणजे सुमारे ७,२०० किमी.

ताशी ८५० किमीने याचे साडेआठ तास होतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास वेगळा. मग १० कसे? दोरा कुठून गेलाय ते जवळून बघा: कराची, इराण, कॅस्पियन, युक्रेन. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केली. त्यामुळे वळसा पडतो. शिवाय उंचावरचे वारे पश्चिमेकडून येतात. जाताना ते समोरून लागतात, येताना पाठीवर घेतात, म्हणून परतीचा प्रवास कमी वेळाचा.

आता नाशिकचा हिशेब, आणि चुका इथेच जास्त होतात. मुंबई विमानतळ साधारण १६५ किमी. रस्ता मोकळा असेल तर चार तास, पण कसारा घाटातलं पावसाळी धुकं आणि भिवंडी-ठाण्याची कोंडी धरून पाच ठेवा. त्यात विमानतळावरचे तीन तास मिळवा. दुपारी १ च्या विमानासाठी घर पहाटे ५ लाच सोडायचं. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला दोन तास गेले, तर घराच्या दारापासून लंडन विमानतळाबाहेर पडेपर्यंत २० तास.

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख दोनदा वाचा. १५ तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे १४ ला संध्याकाळी साडेपाचला नाशिक सोडायचं. १५ ला संध्याकाळी निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल.

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जाणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटात घ्या. तिकिटं वेगळी असतील आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसरी कंपनी थांबत नाही.