सदाफुली अचानक का मरते? या चुका टाळा

सदाफुली म्हणजे कुठेही येणारं झाड, भिंतीच्या फटीत, गटाराच्या कडेला, काही न करता येतं. मग नर्सरीतून आणलेली कुंडीतली कशी काय मरते? बहुतेक वेळा पाण्यानेच.

माझ्या गच्चीतल्या चार कुंड्या एका जुलैत आठवड्याभरात गेल्या. पानं मलूल दिसली, मला वाटलं तहान लागलीय, म्हणून अजून पाणी घातलं, आणि तिथेच चुकलं, कारण माती आधीच ओली होती आणि मुळं कुजत होती. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल तर पाणी लगेच थांबवा. बोट दोन इंच आत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. उन्हाळ्यात भर दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी परत ताठ झाली तर काळजी नको. खोडाचा खालचा भाग काळा पडून मऊ झाला असेल तर मात्र ते झाड वाचत नाही, वरच्या चांगल्या हिरव्या फांद्या कापून त्या लावून बघा, काही जगतात.

नुसती काळी माती भरू नका, पाणी धरून ठेवते. लाल माती, थोडं कंपोस्ट आणि जाड वाळू पुरते. आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढाच!

झाड हिरवंगार, फुलंच नाहीत? ऊन किती मिळतं ते बघा, पाच-सहा तास थेट हवं. युरिया किंवा शेणखत जास्त झालं तरी नुसती पानंच वाढतात. उंच लुकडं झालं असेल तर शेंडे खुडा, न घाबरता, त्याने बाजूने फुटवे येतात आणि झाड बुटकं, भरगच्च होतं.

फुलं हिरवट, पानांसारखी यायला लागली आणि पानं बारीक झाली तर तो तुडतुड्यांमुळे पसरणारा रोग आहे. त्यावर औषध नाही, झाड उपटून टाका, नाहीतर बाकीच्यांना लागेल.

बी उघड्यावर टाकून उगवत नाही अशी तक्रार असते. त्याला अंधार लागतो, मातीचा पातळ थर द्या.

आणि एक, शुगरसाठी रोज पानं चावून खाणारे बरेच भेटतात. कृपया नका खाऊ. याच झाडापासून व्हिन्क्रिस्टिन, व्हिन्ब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं मिळतात, पण पान विषारी आहे आणि एका पानात काय किती आहे हे आपल्याला घरी मोजता येत नाही. लहान मुलं आणि कुत्रा-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा.