रिकामा बसलेला रायझन हँग होतो तेव्हा

रात्रभर लिनक्सचा कर्नल (त्याचा गाभा) कंपाइल केला तरी मशीन ठणठणीत, आणि काहीच काम नसताना मात्र स्क्रीन जागच्या जागी थिजते: माउस हलत नाही, नेटवर्कवरून पिंगला उत्तर नाही, एसएसएचने दुसऱ्या मशीनवरून आत शिरता येत नाही. एएमडीच्या २०१७ च्या पहिल्या पिढीच्या रायझन प्रोसेसरवर असं झालं, तर संशय सी-६ वर, म्हणजे प्रोसेसरच्या गाढ झोपेच्या अवस्थेवर घ्या. या अवस्थेत कोअर जवळपास बंद होतात आणि १२ व्होल्टच्या लाइनवरचा भार इतका उतरतो, की काही जुन्या एसएमपीएसना (पॉवर सप्लायना) एवढा कमी भार झेपत नाही.

आधी रॅम निर्दोष आहे ना ते बघा. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. मग जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडमधून मागच्या बूटचा लॉग काढा. पॅनिक (कर्नलच कोसळल्याची नोंद) किंवा जीपीयूची एरर सापडली तर दुखणं वेगळं. लॉग काही न सांगता मध्येच तुटला असेल तर पुढे वाचा. सिसआरक्यू (कीबोर्डवरून थेट कर्नलला हुकूम देण्याची सोय) पूर्ण चालू करून ठेवलेलं असताना, हँग झाल्यावर ऑल्ट-सिसआरक्यू-बी दाबून मशीन रीस्टार्ट झालं, तर कर्नल जिवंत होता. मग ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा.

दोष सी-६ चाच आहे याची खात्री करायला बायोसमध्ये जायची गरज नाही. रूट होऊन ‘सीपीयूपॉवर आयडल-इन्फो’ चालवा. सहसा पोल, सी१, सी२ अशी रिकामं बसण्याच्या अवस्थांची यादी येते, ० पासून क्रमांक मोजलेली. इथला सी२ म्हणजेच हार्डवेअरला सी-६ ची वाट मोकळी. ‘सीपीयूपॉवर आयडल-सेट -डी २’ दिलं की तो बंद (डी लहान लिपीतला, मोठ्या डीचा अर्थ वेगळा). रीबूटनंतर हे पुसलं जातं. एरवी जेवढ्या वेळात हँग होतं, त्याच्या कितीतरी पट वेळ मशीन रिकामं ठेवा. तासाभरात निष्कर्ष काढू नका.

हँग न होता टिकलं, तर बायोस अपडेट करा आणि त्यातल्या एएमडी सीबीएस या मेनूमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ‘टिपिकल करंट आयडल’ निवडा. बोर्डागणिक त्याची जागा बदलते. बहुतेकांचं काम इथेच होतं. ‘ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल’ बंद करणं हा शेवटचा उपाय: वीज जास्त जाते, शिवाय बाकीचे कोअर झोपत नसल्याने एका कोअरचा बूस्टही उतरतो.

‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ ही ओळ ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या सेटिंगमध्ये) चिकटवणारे बरेच दिसतात. ती इंटेलच्या बे ट्रेल मालिकेतल्या सेलेरॉन जे१९०० सारख्या चिपसाठी. रायझनवर इंटेल_आयडल हा ड्रायव्हर चालतच नाही. बे ट्रेलवर ती टाकलीत तर ‘अपडेट-ग्रब’ चालवून रीबूट करा, आणि ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ मध्ये (कर्नलला बूटवेळी मिळालेले पर्याय दाखवणाऱ्या फाइलमध्ये) ती खरोखर दिसते का ते बघा.